अंकुशरावांच्या ट्रकचा मागचा गिअर

सीमाभागातल्या चिंताकी गावच्या अंकुशरावांना कुणी पाहुण्यानं विचारलं की आपण काय करता, तर ते शेती सांगत नसत. शेती चांगली होती. तूर होती, सोयाबीन होतं, विहिरीखाली थोडा ऊस होता. पण ते मिशीवरून बोट फिरवून म्हणत, "आपला ट्रक हाय." आणि पाहुणा चुकून "कोणता?" म्हणाला, की त्याचं दुपारचं जेवण संध्याकाळवर गेलंच म्हणून समजा.

ट्रक होता मात्र बघण्यासारखा. धरणाचं काम आटपल्यावर एका ठेकेदारानं मोडीत काढलेला तो परदेशी डबा अंकुशरावांच्या वडिलांनी घेतला होता. पुढचं तोंड घुशीसारखं लांब, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले, आणि कंपनीच्या नावातली अक्षरं एकेक करून गळून पडलेली. उरलेल्या अक्षरांवरून गावातली पोरं वेगवेगळी नावं जुळवायची आणि त्यातलं एकही चारचौघांत उच्चारण्यासारखं नव्हतं. मोठ्या रस्त्याला तो फारसा जात नसे. शेतातून घरी, घरून औरादच्या बाजाराला, एवढीच त्याची धाव.

त्याची खरी मिजास होती मागच्या एक्सलात. साध्या ट्रकला गिअर पुढं, इंजिनाजवळ असतात. ह्याला तिथं होतेच, शिवाय मागच्या चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो त्याच्या पोटात आणखी दोन होते, एक हलका आणि एक जड. गिअरच्या दांड्यावर एक लाल बटण होतं. ते वर ओढलं की हलका गिअर लागायचा आणि ट्रक सपाटीवर पळायचा. खाली दाबलं की जड लागायचा आणि मग पाठीवर कितीही पोती असोत, ट्रक म्हशीसारखा संथपणे चढ चढून जायचा. गोळ्याला चिकटून एक छोटी विजेची मोटर होती. बटणाचा हुकूम तारेतून तिच्यापर्यंत जायचा आणि ती आतला गिअर सरकवायची.

एवढी साधी गोष्ट. पण अंकुशराव ती हॉटेलात बसून अशी सांगत, जशी काही एखाद्या मठात दीक्षा देत आहेत. "बटण दाबायचं. मंग रेसवरचा पाय उचलायचा आन लगीच द्यायचा. कवा उचलायचा, कवा द्यायचा, हे सांगता येत न्हाई. ते आतून यावं लागतंय." ट्रकला दुसऱ्या कुणाचा हात ते लावू देत नसत. पोरगा सोनू हैदराबादला कंपनीत नोकरीला लागला, त्यामागं पगाराइतकंच हेही कारण असावं, असं राजूबाईला, म्हणजे अंकुशरावांच्या बायकोला वाटायचं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण शेजारच्या अमृतप्पानं नवा ट्रॅक्टर घेतला. नुसता ट्रॅक्टर घेतला असता तर अंकुशरावांनी पोटात घातलं असतं. त्यानं त्याच्यावर गाणी वाजवायची पेटी बसवली. सकाळी अमृतप्पा रानात निघाला की त्याच्याआधी त्याचा आवाज रानात पोचायचा, आणि हॉटेलातली माणसं अंकुशरावांचं बोलणं अर्ध्यावर टाकून तिकडं बघायची.

त्याच आठवड्यात अंकुशराव हुमनाबादला जाऊन आले. येताना त्यांनी ट्रकसाठी एक हार्न आणला. साधा नव्हे, निरनिराळ्या चालींवर गाणारा. लग्नाच्या वरातीची एक चाल, नागिणीची एक, एक तर लहान मूल रडावं तशी. वायरिंगवाल्याला बोलवायचा प्रश्नच नव्हता. आपल्या ट्रकची नस आपल्यालाच ठाऊक. त्यांनी स्वतः गाडीखाली झोपून हार्न बसवला आणि बाहेर येऊन अंगावरची माती झटकत हॉटेलात जाऊन सगळ्यांना सांगितलं, "अर्ध्या घंट्यात जोडला. वायरिंगवाला असता तर दिवस घालवला असता."

आणि महिन्याभरात ट्रक चढावर अडकायला लागला.

ठाणाकुशनूरच्या अलीकडं एक लांबट चढ आहे. तिथं अंकुशरावांनी बटण दाबलं, पाय उचलला, पाय दिला, सगळं आतून आलं, पण गिअर काही लागला नाही. इंजिन बोंबलत राहिलं आणि ट्रक हळूहळू मागं घसरायला लागला. जड गिअर सुटून हलका लागला नव्हता की हलका सुटून जड लागला नव्हता, हे त्यांना त्या घाईत कळेना. कसाबसा ब्रेक दाबून धरला. थोड्या वेळानं मागं 'खट्' असा आवाज झाला आणि गिअर आपला आपण लागला.

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तर मागून अमृतप्पाचा ट्रॅक्टर आला, उभा राहिला आणि अमृतप्पानं विचारलं, "काय अंकुशराव, उलटं कामून चाललात?"

"बघायलोय," अंकुशराव म्हणाले.

"काय?"

"ब्रेक."

घरी अंगणात ट्रक उभा करून बटण वर-खाली केलं, की मागची मोटर शहाण्यासारखी घरघरायची आणि गिअर बदलायचा. सोनूला फोन केला. त्यानं मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. तिच्यात एक पांढऱ्या दाढीचा गोरा म्हातारा असल्याच ट्रकखाली झोपून इंग्रजीत बोलत होता. अंकुशरावांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण ते प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिले आणि मधेच राजूबाईला म्हणाले, "हेच मी म्हणत हुतो."

"काय म्हणत हुता?" राजूबाईनं विचारलं.

"ते तुला समजंना गेलंय."

शेवटी त्यांनी ठाणाकुशनूरच्या काशाप्पा मिस्त्रीला बोलावलं. हा काशाप्पा म्हणजे अंकुशरावांच्याच जातीचा माणूस. जातीचा म्हणजे बढाईच्या. बाप मेंढरं राखायचा. काशाप्पानं पाना हातात धरला आणि मोटारसायकलपासून पिठाच्या गिरणीपर्यंत जे पुढ्यात येईल ते खोललं. ते परत जुळलंच पाहिजे असं नव्हतं, पण खोलायचा जरूर. 'मला हे ठाव न्हाई' हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. दोन गिअरांचा एक्सल त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच बघितला, आणि बघताबरोबर म्हणाला, "असले लई खोललेत."

"वायरिंगला कुणी हात लावला हुता का?" त्यानं मात्र पहिला प्रश्न बरोबर विचारला. असं क्वचित व्हायचं, आणि झालं तेव्हा अंकुशराव आडवे आले.

"कंपनीचं वायरिंग हाय," ते छाती काढून म्हणाले. "कुणाच्या बापाची हिंमत न्हाई हात लावायची."

"मंग आतमदी गिअरचे दात घासलेत," काशाप्पा म्हणाला आणि त्यानं गोळा खोलला.

काळं तेल पातेल्यात उतरलं. दात बाहेर निघाले. ते काशाप्पाच्या स्वतःच्या दातांपेक्षा बरे होते. तरी त्यानं ते रॉकेलनं धुतले, उजेडात धरून मान हलवली, "अमेरिकेचा माल, पण आता थकलाय," असं काहीतरी म्हणाला आणि परत बसवले. मग स्वतः ट्रक चढावर घेऊन गेला. बटण दाबलं, ट्रक लोण्यासारखा चढला. काशाप्पानं गावात सांगितलं, फाल्ट काढला.

दुसऱ्या दिवशी अंकुशराव तूर घेऊन निघाले आणि चढावर लटकले.

काशाप्पानं पुन्हा गोळा खोलला. पुन्हा चालवून बघितला, पुन्हा ठीक. अंकुशरावांच्या हातात गेला की पुन्हा बंड. तिसऱ्यांदा खोलून बसवला तेव्हा काशाप्पा म्हणाला, "आज तुमी चालवा, मी शेजारी बसतो. बघू दे मला."

निघाले. चढाच्या पायथ्याशी आरशात अमृतप्पाचा ट्रॅक्टर दिसला, मागं उसानं भरलेली ट्रॉली. अंकुशरावांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी हार्नवर अंगठा दाबला, वरातीची चाल लावली आणि वरातीच्या तालातच लाल बटण खाली दाबलं. इंजिन बोंबललं. ट्रक मागं सुटला. मागून अमृतप्पा कन्नडात, मराठीत आणि उर्दूत आळीपाळीनं ओरडत ट्रॉलीसकट मागं सरकायला लागला. भरलेली ट्रॉली मागं घेणं सोपं नसतं. ती रस्त्याला आडवी झाली आणि निम्मा ऊस नाल्यात गेला. वरातीची चाल तोवर चालूच होती, कारण घाबरलेल्या अंकुशरावांचा अंगठा हार्नवरून निघाला नव्हता.

अखेर ट्रक थांबला. काशाप्पा खाली उतरला, नाल्यातला ऊस बघितला, जमलेली माणसं बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निदान केलं, "गाडीत फाल्ट न्हाई. डायवरात हाय."

हे वाक्य अंकुशरावांच्या आधी गावात पोचलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. राजूबाईनं ताट वाढलं, झाकलं, शेवटी गाईला घातलं. भिंतीकडं तोंड करून ते पडून राहिले. एवढी वर्षं ज्या एका गोष्टीवर आपण गावात मान वर करून फिरलो, तीच आपल्याला येत नाही असं मेंढरांच्या मागून आलेल्या एका मिस्त्रीनं रस्त्यात सांगितलं. त्याहून वाईट म्हणजे त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. हात थरथरतात का, हे त्यांनी दोनदा डोळ्यासमोर धरून बघितलं.

नंतरच्या सोमवारी राजूबाईच्या माहेरी, भालकीकडच्या मेहकरला, तिच्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं. बसनं जाऊ, असं राजूबाई म्हणाली. पण सासुरवाडीला बसनं जायचं म्हणजे गावाचं म्हणणं कबूल करण्यासारखं होतं. ट्रक निघाला. राजूबाईचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. कपाळाला घट्ट फडकं बांधून ती शेजारी बसली आणि गाव सुटायच्या आत म्हणाली, "एक सांगते. ते भोंगं वाजवलात तर मी हितंच उतरीन."

"भोंगं न्हाई ते, हार्न हाय."

"काय का असंना. बंद ठिवा."

अंकुशरावांनी अंगठा आवरला. पहिला चढ आला. बटण दाबलं. मागं घरघर झाली, खट् झालं, ट्रक चढला. दुसरा चढ, तिसरा, पुलाजवळचा खडा चढ. प्रत्येक वेळी बिनबोभाट. अंकुशरावांचा चेहरा उजळत गेला. "बघ," ते म्हणाले, "डायवरात फाल्ट हाय म्हणं! आज काशाप्पा पायजे हुता हितं."

मेहकर दिसायला लागलं. वेशीच्या आत एक लहानसा उंचवटा आहे आणि त्यावरच्या पारावर सासुरवाडीची माणसं बसलेली असतात. तिथं मुक्यानं जायचं? राजूबाईचा डोळा लागला होता. अंकुशरावांनी नागिणीची चाल लावली आणि बटण दाबलं.

इंजिन बोंबललं. ट्रक सासुरवाडीकडं पाठ फिरवावी तसा मागं निघाला.

राजूबाई दचकून जागी झाली, डोकं दोन्ही हातांत धरलं आणि वैतागून म्हणाली, "वाजीवलात न्हवं! ते वाजलं की हे बिघडतंय, एवढं पण कळंना गेलंय का तुमाला?"

ती हार्नच्या रागानं बोलली होती. ट्रकच्या पोटातलं तिला काही ठाऊक नव्हतं आणि घेणंही नव्हतं. पण अंकुशरावांचा अंगठा हार्नवरून उचलला गेला, आणि उचलला गेला तसं मागं 'खट्' झालं. गिअर लागला. त्यांनी पुन्हा हार्न दाबून बटण हलवलं: मोटर कण्हली आणि मधेच थांबली. हार्न सोडला: खट्. मग त्यांना सगळं आठवलं. हार्न जोडताना दांड्यावरून खाली उतरणारी एक तार त्यांना सापडली होती. जुनी होती, पण भरवशाची वाटली. तिलाच सोलून त्यांनी हार्न जोडला होता. ती बटणाची तार होती. हार्न गायला लागला की तारेतली सगळी वीज गाण्यात जायची आणि मागच्या मोटरला गिअर अर्ध्यावर सोडावा लागायचा.

काशाप्पा चढावर हार्न वाजवत नव्हता. त्याच्यापाशी वाजवून दाखवण्यासारखं काही नव्हतं.

बारशात अंकुशराव इतके गप्प होते की मेव्हण्यानं राजूबाईला बाजूला घेऊन त्यांची तब्येत विचारली.

परतताना ते भालकीला अड्ड्याजवळ थांबले. तिथला वायरिंगवाला त्यांना ओळखत नव्हता, म्हणूनच ते थांबले. त्यानं खाली वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ये कौन जोड्या जी? कोई गधा है क्या तुमारे गाँव में?"

खरं सांगायला ही जागा उत्तम होती. ऐकायला गावचं कुणी नव्हतं, राजूबाई पलीकडं रसवंतीवर होती. पण सवय मोठी वाईट. अंकुशरावांच्या तोंडून निघून गेलं, "हाय एक. ठाणाकुशनूरचा काशाप्पा मिस्त्री."

वायरिंगवाल्यानं हार्नला वेगळी तार दिली, वेगळा फ्यूज दिला आणि हसत हसत त्यांना वाटेला लावलं. ट्रक आता हार्नासकट चढायला लागला. अंकुशरावांना वाटलं, मिटलं. पण त्यांना हे माहीत नव्हतं की काशाप्पा तारा, बल्ब, फ्यूज ह्याच दुकानातून नेतो.

आठ-दहा दिवसांनी अंकुशराव हॉटेलात बसून, आपण निव्वळ कानानं फाल्ट कसा पकडला, ते सांगत होते. तेवढ्यात काशाप्पाची मोपेड दारात थांबली. तो आत आला, अमृतप्पाच्या शेजारी बसला, चहा मागवला आणि गोष्ट संपेपर्यंत शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "अंकुशराव, ती तार कुणी जोडली हुती?"

"पयल्यापासून तशीच हुती."

"मंग भालकीत माझं नाव कामून घेतलात? तिथं दुकानात गेलो की लोक मला बघून हसायलेत. गाढव आला म्हणायलेत."

हॉटेलात कुणी कप खाली ठेवेना की वर उचलेना. अंकुशरावांनी आणखी एक थाप जुळवायला घेतली. जुळेना. काशाप्पाचा चेहरा रागावलेला असता तर ती जुळली असती. तो नुसता पडला होता. धंद्याच्या माणसाचा असा चेहरा त्यांनी ह्याआधी बघितला नव्हता. ते खाली मान घालून म्हणाले, "मीच जोडली. माझ्याच हातानं."

आता छप्पर उडेल असं हसू फुटणार, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. कुणी हसलं नाही. अमृतप्पा बशीत चहा ओतत म्हणाला, "ते तर आमाला ठावंच हाय की. तुमीच तर सांगितलात हितं बसून, अर्ध्या घंट्यात जोडला म्हणून. हार्न बसवला आन गाडी बिघडली, हे लहान लेकराला कळंल."

अंकुशरावांनी डोळे उघडले. "मंग बोलला कामून न्हाईत?"

"आमी कशाला बोलू? हंगामभर बरी करमणूक झाली. माझा ऊस नाल्यात गेला तेवढंच वाईट झालं."

आता काशाप्पा उठून उभा राहिला. अंकुशरावांवरचा त्याचा राग तिथंच फिरला आणि सगळ्या हॉटेलावर गेला. "ठाव हुतं? आन मी उन्हात पडून तीनदा गोळा खोलला! एकानं तरी सांगायचं!"

"तू इचारलास कुठं?" अमृतप्पा म्हणाला. "तू तर म्हणालास असले लई खोललेत. दात घासलेत म्हणालास. आमी म्हणलो, मिस्त्री हाय, त्याला ठाव असंल."

तेव्हा मात्र छप्पर उडालं. हॉटेलवाल्यापासून कोपऱ्यातल्या बहिऱ्या ग्यानबापर्यंत सगळे हसले. काशाप्पा आणि अंकुशराव एकमेकांकडं बघत राहिले. मग अंकुशराव उठले, काशाप्पाच्या दंडाला धरून म्हणाले, "चल. हितं बसण्यात अर्थ न्हाई."

दोघं बाहेर पडले. काशाप्पानं मोपेड वेशीपर्यंत ढकलत नेली. मग अंकुशराव म्हणाले, "भालकीला उद्या मी येतो तुझ्यासंगं. दुकानात सांगतो कोण गाढव हाय ते." आणि खरोखरच गेले. सांगताना आवाज इतका बारीक झाला की वायरिंगवाल्यानं दोनदा "क्या बोले?" विचारलं आणि त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. काशाप्पाला दुसऱ्यांदाचं जास्त आवडलं.

तुरीच्या शेवटच्या खेपेआधी अंगणात ट्रकखाली तेलाचं काळं थारोळं दिसलं. अंकुशरावांनी ह्या वेळी कुणालाच काही समजावलं नाही. सरळ काशाप्पाला फोन केला. काशाप्पा आला, खाली झोपला, गोळ्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा बोटावरचं तेल फडक्याला पुसत म्हणाला, "सारखं खोलून खोलून पॅकिंग गेलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे... हा फाल्ट माझा हाय." काशाप्पानं इकडंतिकडं बघितलं. "पण हे गावात कुणाला सांगू नगा अंकुशराव. तुमच्या पाया पडतो."

"ह्या! आपण काय बाई हाव का?" अंकुशराव म्हणाले. "आपल्या पोटात ऱ्हाईल."

ओसरीवर तूर पाखडणारी राजूबाई मान वर न करता हसली. काशाप्पा पॅकिंग आणायला औरादला गेला. अंकुशरावांनी हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला, मिशीवरून बोट फिरवलं. दारात थोडा वेळ घुटमळले. खरंच घुटमळले, हे कबूल करायला हवं. मग चपला पायात सरकवून हॉटेलाच्या वाटेला लागले.